राहणीमानातील तफावतीबाबत खुलासा

प्रति,
माननीय चौकशी अधिकारी,
गोपनीयता पात्रता कक्ष

आपल्या पत्रात विचारलं आहे की माझं उत्पन्न आणि माझं राहणीमान यांत तफावत का आढळते, याचा खुलासा शंभर शब्दांत करावा. करतो. मी सोळा वर्षं कारखान्यात दाबमापकं, म्हणजे गेज, दुरुस्त करतो. माझ्यावर कर्ज आहे. ते मी लपवलेलं नाही. फॉर्मात लिहिलं आहे. आपण घरी आलात तेव्हा पाहिलेला सोफा माझा नव्हता. टीव्ही माझा नव्हता. माशांची पेटी माझी नव्हती. मासे तर मुळीच नव्हते. मी परदेशात कधीही गेलेलो नाही. परदेशात माझं कोणी नाही. परदेशाला मी ठाऊक नाही. शेजाऱ्यांनी जे सांगितलं ते प्रेमापोटी सांगितलं. बँकेत एकाच दिवशी भरलेली रक्कम माझी नव्हती, म्हणजे माझीच होती, पण उसनी होती, म्हणजे परत करायची होती, आणि मी बँकेत जे बोललो ते

शंभर झाले. दोनदा मोजले. मोजमापात माझी चूक होत नाही, म्हणून इथेच थांबतो आणि पुरवणी जोडतो. पुरवणी किती शब्दांची असावी याबद्दल पत्रात काहीही म्हटलेलं नाही.

पुरवणी

शंभर शब्दांचं सोवळं सुटलं, तेव्हा आता 'आपण'ऐवजी 'तुम्ही' म्हणतो. तुमच्या पत्रातच लिहिलं आहे की खुलासा घरातल्या एका प्रौढ व्यक्तीने वाचून त्यावर सही करावी. त्याप्रमाणे पत्नीने तो वाचला आहे. तिने नुसती सही केली असती तर बरं झालं असतं. तिने समासात नोंदी केल्या आहेत. त्या मी तशाच ठेवतो, कारण खोडल्या तर तेही तफावतीत धराल.

*(पत्नीची नोंद: धरायलाच पाहिजे.)*

पणाला काय लागलं आहे

फॉर्मात हा रकाना नाही. मी घातला आहे.

आमचा गेज विभाग पुढच्या एक तारखेला लोखंडी दारामागच्या इमारतीत हलणार आहे. तिथे गुप्त काम चालतं, म्हणून आत जायला तुमचा परवाना लागतो. ज्याला परवाना मिळणार नाही त्याची बदली भांडारात. भांडारात मी एकदा डोकावून आलो. तिथे एक गृहस्थ हातमोजे मोजत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. मी विचारलं, "किती वर्षं?" ते म्हणाले, "बोलू नका, चुकेल," आणि पहिल्यापासून सुरू झाले.

भांडारात पगार एक पायरी खाली. हप्ता मात्र होता त्याच पायरीवर. म्हणजे कर्ज आहे म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून पगार कमी, पगार कमी म्हणून कर्ज जास्त, आणि कर्ज जास्त म्हणून परवाना तर नाहीच नाही. ही व्यवस्था ज्याने शोधून काढली त्याला एकदा भेटायची इच्छा आहे. नुसतं बघायला.

आमच्या साहेबांनी मला बोलावून या सगळ्यामागचं शास्त्र समजावलं.

"कर्जबाजारी माणूस विकला जाऊ शकतो," साहेब म्हणाले.

"विकत कोण घेणार, साहेब?"

"शत्रू."

"साहेब, मी तीन वर्षं टेबलावर पंखा मागतोय, तो अजून मला आपल्या माणसांनी दिला नाही. शत्रू काय देणार?"

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शत्रूकडून पंखा मागायला निघालोच आहे. मी मनातून दुखावलो. सोळा वर्षं मी काटे शून्यावर आणतो आहे, आणि आता माझाच काटा कुठे उभा आहे हे बघायला माणूस येणार!

घरी येऊन बायकोला विचारलं, "शत्रू मला किती देईल गं?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "थकलेत तेवढे तीन हप्ते मागा. जास्त मागाल तर त्यालाच संशय येईल."

*(पत्नीची नोंद: हे मी थट्टेत म्हटलं होतं. कृपया नोंद घ्यावी.)*

रकाना २७: कर्जाचं स्वरूप

कर्ज ताईचं आहे. ताई माझी मोठी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. तिने कपडे धुण्याचं दुकान काढलं. दोन मोठी मशीनं, एक वाफेची इस्त्री. बँकेला जामीन हवा होता. मी राहिलो.

तुमच्या फॉर्मात इथे तीन चौकटी आहेत: 'दबावाखाली', 'अनवधानाने' आणि 'स्वेच्छेने'. ज्याने ज्याने फॉर्म पाहिला त्या प्रत्येकाने मला सांगितलं, 'अनवधानाने'वर खूण कर. मी 'स्वेच्छेने'वर केली, कारण तेच खरं आहे. बँकेतला कागद मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता. मागे रांग लागली होती, लोक खाकरत होते, तरी वाचला. मग सही केली.

दुकान चांगलं चाललं. समोर चाळीस खोल्यांचं हॉटेल होतं, रोज त्यांच्या चादरी यायच्या. मग एका सकाळी हॉटेलच बंद पडलं. ताईने नुसत्या शर्टांवर दुकान चालवून पाहिलं. पण चाळीस खोल्या भरतील एवढे शर्ट घालणारी माणसं आमच्या भागात नाहीत. जी आहेत ती घरी धुतात. हप्ते थकले. बँकेचं पत्र मला आलं. तेव्हापासून अर्धा हप्ता ताई भरते, अर्धा मी. माझ्याकडून तीनदा उशीर झाला. एवढंच. यात विकण्यासारखं काही असेल तर दाखवा.

जिन्यावरचा सल्ला

आमची इमारत तीन मजली आहे आणि तिला एकच जिना आहे. घरात काही होवो, जिन्यावर ते आधी कळतं. फॉर्म आला त्याच संध्याकाळी दोन माणसं येऊन बसली.

एक वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क. त्यांना सगळे 'नियमावली' म्हणतात, अगदी त्यांच्या तोंडावर, आणि त्यांना ते आवडतं. दुसरे समोरच्या दारातले विमावाले. माझ्याशी बोलताना ते माझ्या मरणाचा उल्लेख 'देव न करो' असं म्हणून दर पाच मिनिटांनी करतात.

नियमावलींनी चौतीस पानं चाळली, चष्मा पुसला. "विचारलंय तेवढंच लिहा," ते म्हणाले. "आणि शक्य असेल तर तेही लिहू नका."

"काका, मग कोरा देऊ का?"

"कोरा फॉर्म कधी फेटाळला गेल्याचं मी तरी पाहिलं नाही. परत येतो. परत आला की पुन्हा पाठवायचा. अशी माझी एक बदली अकरा वर्षं थांबली होती."

विमावाले म्हणाले, "लिहायचं काय ते लिहा हो. माणूस घरी चौकशीला येईल त्याच्या आत ते थकलेले हप्ते फेडून मोकळे व्हा. उद्या देव न करो तुम्हाला काही झालं, तर थकबाकीदार म्हणून जाल."

मी थकबाकीदार म्हणून जाणार नाही, असं ठरवलं. इथून सगळं बिघडलं.

थकबाकी आमच्या पतपेढीकडून कर्ज काढून फेडायची असं ठरलं. म्हणजे कर्ज कर्जानेच झाकायचं, पण दोन्हीकडे पावती मिळते. पतपेढीचा चेक वटायला चार दिवस लागतात, तुम्ही तीन दिवसांत येणार होतात. म्हणून रक्कम रोख घेतली. बँकेच्या खिडकीवर नोटांची चवड ठेवली. कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, थकबाकीच्या कागदाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"एवढी रोकड एकदम कुठून आणलीत?"

मागे रांग. रांगेत आमच्याच विभागातले दोघं, आणि ज्याच्याकडे माझी उधारी असते तो वाणी. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय उत्तर देईल? 'पतपेढीकडून काढली' हे खरं उत्तर जिभेवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं:

"असते आमच्याकडे."

कारकुनाने एक बटण दाबलं. तेव्हा मला वाटलं पावतीचं असेल.

*(पत्नीची नोंद: घरी आल्यावर म्हणाले, "चांगलं ठणकावून आलो.")*

सोफा

आमच्या जिन्याचा एक जुना कायदा आहे. कोणीही कुणाचीही चौकशी करायला आलं की सांगायचं: माणूस चांगला आहे, खाऊन-पिऊन सुखी आहे आणि सध्या घरी नाही. वसुलीवाला असो, घरमालक असो, मीटर बघणारा असो. या कायद्याने आमच्या इमारतीतल्या कितीतरी माणसांची अब्रू आजवर राखली आहे. चौकशी करणाऱ्याला खरंच खरं हवं असेल, ही शक्यता या कायद्यात धरलेलीच नाही.

तर रविवारी तुम्ही येणार, हे जिन्याला कळलं. शनिवारी दुपारी विमावाले आमच्या बैठकीच्या खोलीत उभे राहिले आणि त्यांनी आमच्या दोन खुर्च्यांकडे पाहून मान हलवली. "हे बघून तर तुम्ही विकायलाच बसलायत असं वाटतं."

संध्याकाळपर्यंत त्यांचा सोफा आमच्याकडे निघाला. समोरच्या दारातून आमच्या दारात, अंतर चार पावलं, पण वळवताना तो जिन्यात तासभर अडकला. वर राहणारे वर, खालचे खाली. नियमावली वरच्या पायरीवरून म्हणत होते, "तिरका करा, तिरका!" आणि खालून कोणीतरी म्हणत होतं, "तिरकाच आहे, इमारत सरळ करा." सोफ्यावरचं प्लास्टिक काढायला विमावाल्यांच्या बायकोने साफ नकार दिला. पाठोपाठ त्यांचा भिंतीएवढा टीव्ही आला. नियमावलींनी माशांची पेटी दिली. "श्रीमंताच्या घरात काहीतरी विनाकारण पोहत असलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं.

बायको एका कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. "मी काही बोलले तर हे सगळं खोटं पडेल," ती म्हणाली, "म्हणून मी बोलत नाही."

पुढचं तुम्ही स्वतः पाहिलंत. तरी माझ्या बाजूने लिहितो.

तुम्ही आलात, पाठीवर साधी पिशवी, चहाला नको म्हणालात. मला वाटलं होतं जाड मिशांचा कोणी माणूस येईल. मिशांना काय उत्तर द्यायचं याची मी तयारी केली होती; बाईंना काय द्यायचं याची नाही. तुम्ही विचारलंत, "अलीकडे काही मोठी खरेदी?"

"नाही."

"हा सोफा?"

"जुना आहे," मी म्हणालो आणि आत्मविश्वासाने बसलो. प्लास्टिक असं कडाडलं की पेटीतले मासे एका बाजूला गेले. हाताखाली काहीतरी दांडा लागला. तो दाबायचा नसतो, हे मला विमावाल्यांनी सांगितलं नव्हतं. माझे पाय वर आले, डोकं मागे गेलं, आणि मी छताकडे बघत आडवा झालो. उठायला तोच दांडा ओढावा लागतो की दुसरा कुठला आहे, हे माहीत नव्हतं. आणि तुमच्यासमोर शोधावं, तर आपल्याच सोफ्याचा दांडा माहीत नाही हे उघड होणार. म्हणून देशाच्या सुरक्षेसंबंधीच्या पुढच्या अकरा प्रश्नांची उत्तरं मी आडवा पडून दिली. तुमच्या अहवालात 'अर्जदार अत्यंत निवांत वाटला' असं लिहिलंय म्हणे. बाई, मी आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो!

*(पत्नीची नोंद: मासे दुसऱ्या दिवशी परत दिले. एक कमी भरला. त्याचं काय झालं ते आम्हाला माहीत नाही.)*

चार देश

तुम्ही शेजाऱ्यांकडे गेलात. नियमानुसार जायचंच असतं. तुम्ही विमावाल्यांना विचारलंत, "यांना पैशाची अडचण आहे का?" आणि विमावाल्यांनी माझी अब्रू राखली.

हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. पत्र घेऊन मी थेट त्यांच्या दारात गेलो.

"महिन्यातून दोनदा परदेशी जातात, असं सांगितलंत तुम्ही?"

"मग?" विमावाले अभिमानाने म्हणाले. "अडचण आहे का विचारत होती. मी म्हटलं, अडचण कसली, विमानातून उतरायला सवड नाही त्यांना."

"अहो, पण परदेश कशाला काढलात?"

"माणूस सुखवस्तू आहे हे पटवायचं म्हणजे थोडा परदेश लागतोच हो."

"कुठला देश सांगितलात?"

"एकच सांगितला असता तर संशय आला असता. चार सांगितले."

मी जिन्यावरच बसलो. गुपितं सांभाळायच्या नोकरीसाठी ज्याची चौकशी चालू आहे, तो माणूस थकबाकी एका दिवसात रोखीने फेडतो, 'असते आमच्याकडे' म्हणतो, न वापरलेल्या सोफ्यावर आडवा पडतो आणि दरमहा चार देशांना जाऊन येतो. मी तुमच्या जागी असतो तर खुलासा मागितला नसता. थेट पोलिसांना फोन केला असता.

नियमावली वरून खाली आले, पत्र वाचून गंभीर झाले. "हे वाईट झालं," ते म्हणाले. "कर्ज असणं हा दोष. पैसा असणं हा त्याहून मोठा दोष. आता तुम्हाला गरिबी सिद्ध करावी लागेल."

"मी गरीब नाही हो काका. मी मध्यमवर्गीय आहे."

"त्यासाठी कुठला दाखला मिळत नाही."

आणि मग गरिबी सिद्ध करण्याची जबाबदारीही जिन्याने उचलली. तुम्ही दुसऱ्यांदा न कळवता आलात, तेव्हा मी कामावर होतो. विमावाल्यांनी तुम्हाला दारातच गाठलं. माझ्या घरी रोज चूल पेटतेच असं नाही, असं सांगितलं. मुलांचे कपडे तेच देतात, असं सांगितलं. आम्हाला मुलं नाहीत. नियमावलींनी सांगितलं की मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र मागायला येतो, तेही आदल्या दिवशीचं. हे खरं आहे, पण ते मी कोडं सोडवण्यासाठी आणतो.

पंधरा दिवसांत मी चार देश फिरून आलो आणि उपाशीही राहिलो. सोळा वर्षांत एवढं कधी केलं नव्हतं. लोक जिन्यात माझ्याकडे करुणेने बघू लागले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी माझ्या हातात दोन केळी ठेवली आणि डोळे पुसले. मी केळी परत द्यायला गेलो, तर म्हणाल्या, "स्वाभिमानी आहेस रे."

*(पत्नीची नोंद: केळी आम्ही खाल्ली.)*

ताई

हा भाग मी दोनदा लिहून फाडला. तिसऱ्यांदा लिहितो.

तुमच्या पत्राबरोबर एक छापील हमीपत्र आलं. त्यातलं चौथं कलम असं: 'कुटुंबीयाच्या कर्जास जामीन राहणे ही माझी चूक होती, याची मला जाणीव आहे. यापुढे मी कोणासही जामीन राहणार नाही.' खाली सहीची रेघ. आमचे साहेब म्हणाले, डोळे मिटून सही करून टाक, उद्या परवाना. नियमावली म्हणाले, छापील कलमावर विचार करायचा नसतो. विमावाले म्हणाले, देव न करो, पण भांडारात माणूस फार दिवस जगत नाही.

ही बातमी ताईपर्यंत कोणी पोहोचवली माहीत नाही. जिना पुढच्या गल्लीतही जात असावा. ती दुपारी आली, मी सुट्टीवर होतो. पायातल्या चपला काढल्या, पाणी प्यायली, आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

तिचं अक्षर मोठं, गोल. लिहिलं होतं: 'मी माझ्या भावाला फसवून त्याची सही घेतली. कर्ज किती आहे हे त्याला सांगितलं नाही. त्याचा यात काही दोष नाही.' खाली सही. तारीखसुद्धा.

"हे काय आहे, ताई?"

"दे त्यांना. म्हणावं, बहिणीने फसवलं. प्रश्न मिटला."

"पण हे खोटं आहे."

"खोटं तर अख्ख्या इमारतीने सांगितलं तुझ्यासाठी," ताई म्हणाली. "परके लोक खोटं बोलले. मी सख्खी आहे, मी नको का बोलायला?"

मला हसू आलं. ताई टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत होती. तिच्या हातांवर वाफेच्या जुन्या खुणा आहेत. "माझं काय जातंय रे," ती म्हणाली. "मला कुठे कसलं गुपित सांभाळायचंय? चादरींचं? आणि यापुढे तुझ्याकडे सही मागितली तर जीभ झडेल माझी."

बायकोने तो कागद उचलला, नीट वाचला. "ताई, अक्षर फार सुंदर आहे तुमचं," ती म्हणाली. मग त्याचे दोन तुकडे केले, दोनाचे चार, आणि चहा टाकायला आत गेली.

*(पत्नीची नोंद: आठ.)*

शेवटचं पान

हे पान मी तुमच्या कार्यालयात, तुमच्याच टेबलावर बसून लिहितो आहे. तुम्ही समोर आहात आणि आधीची पानं वाचता आहात. तुम्ही जे बोलता तेही लिहितो. गेल्या महिन्याभरात मी खरं न सांगितल्यामुळे आणि भलतंच बोलल्यामुळे इतका फसलो आहे की आता काही सोडायचं नाही.

तुम्ही सोफ्याच्या पानावर एकदा हसलात. मग खोकल्याचं निमित्त केलंत.

तुम्ही म्हणालात, "कर्जाला आमचा आक्षेप नव्हताच. ते तुम्ही फॉर्मात लिहिलं होतं, 'स्वेच्छेने'वर खूण होती, हप्त्याच्या पावत्या होत्या. मी पहिल्याच दिवशी 'समाधानकारक' असा शेरा मारला होता."

"मग घरी कशाला आलात?"

"पद्धत आहे. पाच मिनिटांचं काम होतं. पण तुम्ही आडवे झालात."

माणसाने आपल्या अब्रूसाठी एवढी मेहनत करावी आणि ती आधीपासून शाबूत असावी, यासारखा अपमान नाही.

तुम्ही पानं बाजूला ठेवली आणि हमीपत्र पुढे सरकवलंत. "सोफ्याचं माझ्याकडून मिटलं. बँकेच्या रकमेला पतपेढीची पावती लावा. विमावाल्यांचा जबाब मी पुन्हा घेईन. आता चौथ्या कलमाखाली सही करा, मी आजच शिफारस पाठवते."

"चूक होती असं मी लिहिणार नाही."

"ते छापील आहे. तुम्हाला लिहायचं नाहीये, फक्त सही करायची आहे."

"सही करणं म्हणजेच लिहिणं. मी ते कलम वाचलंय."

तुम्ही पेन खाली ठेवलंत. "हे बघा, समितीसमोर तिघं बसतात. त्यांना धोका दिसतो तो असा: आज बहीण, उद्या मेहुणा, परवा शेजारी. माणूस सह्या करत जातो आणि एक दिवस बुडतो. बुडणारा कशालाही हात घालतो."

"बरोबर आहे त्यांचं. पण जो आपल्या बहिणीच्या कागदावरून सही मागे घेतो, तो तुमच्या कागदावर किती दिवस टिकेल? हे त्या तिघांना विचारा."

बाहेर कोणीतरी कपाट सरकवत होतं. मी तुमचंच पेन उचललं. चौथ्या कलमावर सरळ रेघ मारली, पट्टी लावून, आणि वर लिहिलं:

'जामीन राहणे ही माझी चूक नव्हती. यापुढेही राहीन. सही करण्याआधी आपल्या कार्यालयाला लेखी कळवीन.'

तुम्ही ते उलटं वाचलंत, मग कागद फिरवून सुलटं.

"आधी कळवाल?"

"आधी."

"रक्कम, मुदत, कुणासाठी, सगळं?"

"सगळं. विचाराल ते आणि न विचाराल तेही."

"समिती हे नाकारू शकते. मग भांडार."

"मग भांडार," मी म्हणालो. आवाज थोडा कापला. तोही लिहून ठेवतो.

तुम्ही कागद पुन्हा वाचलात. "छापील मजकुरात खाडाखोड असली की तिच्याशेजारी तपासणाऱ्याची सही लागते," तुम्ही म्हणालात, स्वतःशीच, आणि माझ्या हातातलं पेन काढून घेऊन त्या रेघेच्या शेजारी छोटी सही केलीत. तारीख टाकलीत. मग शिक्का मारलात. शिक्का थोडा तिरका बसला, तर तुम्ही तो दुसऱ्यांदा सरळ मारलात.

"आणखी काही कळवायचं आहे?" असं तुम्ही आत्ता विचारता आहात, आणि तुमच्या आवाजावरून ते नुसतं विचारायचं म्हणून आहे.

हो, आहे. आज सकाळी ताईचा फोन होता. तिला एका मोठ्या दवाखान्याच्या चादरींचं काम मिळतंय, दररोज दोनशे. पण वाळवायचं मशीन नाही, म्हणून ती नाही म्हणणार आहे. माझ्याकडे तिने काही मागितलेलं नाही. तरी वर केलेल्या दुरुस्तीनुसार आगाऊ, लेखी कळवतो: मशीन घेतलं जाईल. कर्ज ताईचं. मुदत चार वर्षं. जामीन मी, स्वेच्छेने.

*(पत्नीची नोंद, वरचं फोनवर वाचून दाखवल्यावर सांगितलेली: रक्कम लिहायची राहिली. बँकेत आज मी जाऊन विचारते.)*